खालचा खण

आमच्या वाचनालयात शिरलं की डाव्या हाताला एक लाकडी मांडणी आहे. तिच्यावर पाटी : ‘नवीन दाखल पुस्तके’. वरचे तीन खण मोठ्यांच्या पुस्तकांचे, सर्वांत खालचा मुलांच्या. मार्चअखेर अनुदान खर्ची पडतं, म्हणून एप्रिल-मेमध्ये ही मांडणी गच्च भरलेली असते. दिवाळीपर्यंत ती विरळ होते. गेली दोन वर्षं मी इथल्या ग्रंथनिवड समितीवर आहे. त्यामुळे पुढे जी टीका येणार आहे, तिचा एक धनी मीही आहे.

पुस्तकाचं परीक्षण आपण लिहितो, वाचतो, त्यावर वाद घालतो. मांडणीचं परीक्षण मात्र कुणी करत नाही. खरं म्हणजे ग्रंथालयाने वर्षभरात काय घेतलं आणि काय सोडलं, हाही वाङ्मयीन निवाडाच असतो. मोठ्या शहरातल्या वाचकाला दुकानं असतात, प्रदर्शनं असतात. तालुक्याच्या गावातल्या पुष्कळ वाचकांसाठी या मांडणीवर जे आलं नाही, ते मराठीत छापलंच गेलं नाही, असंच समजायचं.

आधी वरचे खण. यंदा तिथे भरणा आहे तो अनुवादांचा आणि यशाचे, पैशाचे मार्ग सांगणाऱ्या पुस्तकांचा. त्यांना नाकं मुरडण्यात मला रस नाही. मागणीच्या वहीत सभासद जी नावं लिहून जातात, त्यांतली निम्मी तरी याच जातीची असतात आणि ती पुस्तकं टेबलावर परत येताच दुसऱ्याच्या हातात जातात. ‘सेपियन्स’चा मराठी अनुवाद तर आमच्याकडे एका जागी फारसा टिकतच नाही. वाचनालय लोकांच्या वर्गणीवर चालतं. लोकांनी मागितलेलं त्याने द्यावं.

पण या गर्दीत दोन कादंबऱ्या उभ्या आहेत आणि त्यांच्यासाठी मला थोडं भांडायचं आहे. पहिली देविदास सौदागर यांची ‘उसवण’. २०२४चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार तिला मिळाला, म्हणून ती यादीत आली. तयार कपड्यांच्या दुकानांपुढे एका छोट्या गावातल्या शिंप्याचा धंदा कसा उसवत जातो, एवढीच तिची गोष्ट. सौदागरांनी स्वतः शिलाईचं काम केलेलं असल्यामुळे त्यात बाहेरून बघणाऱ्याचा कळवळा नाही. मशीन, गिऱ्हाईक, दुकानाचं भाडं, सणाच्या तोंडावरचं काम यांचा हिशेब आहे, आणि तो हिशेबच माणसाला कसा खातो हे दिसत जातं. दुसरी कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’, २०२३च्या साहित्य अकादमी पुरस्काराची. धरणामुळे उठलेल्या गावातला माणूस मागे राहिलेल्या म्हशीच्या शोधात जुन्या रानात परततो. ही कादंबरी वाचकाला लगेच हात देत नाही. तिच्या बोलीची सवय व्हायला वेळ द्यावा लागतो. पण तो दिला, तर ‘विस्थापन’ हा वर्तमानपत्रात गुळगुळीत झालेला शब्द जनावराच्या श्वासासारखा अंगावर येतो.

आता या दोन्हींच्या शेवटच्या पानावरची तारखांची चिठ्ठी पाहा. ‘रिंगाण’वर तीन शिक्के, ‘उसवण’वर दोन; त्यांतला एकेक माझाच. आमच्या गावात शिलाई मशीन चालवणारी माणसं आहेत, आणि धरणात गाव गेलेली कुटुंबंही आहेत. त्यांच्यापर्यंत ही पुस्तकं गेली नाहीत, याचा दोष पुस्तकांवर ढकलता येत नाही. आम्ही ती विकत घेतली, दाखल क्रमांक टाकला आणि आमचं काम झालं असं समजलो. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं, हे त्यांतलं एक. पण लगेच पुढचं सूत्र प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळवून देण्याचं आहे. पहिलं काम मागणीची वही करते. दुसरं माणसालाच करावं लागतं, आणि ते आम्ही केलं नाही.

तरीही वरच्या खणांत निदान निवड झाली होती. लेखकांची नावं घेतली गेली, दोन पुस्तकांवर वाद झाला, एक सभासद रागावून चहा न घेताच गेले. खालच्या खणासाठी समितीची पाच मिनिटंही गेली नाहीत.

तिथे काय आहे? थोर पुरुषांच्या सोळा-सोळा पानी चरित्रांचा संच, बोधकथांचा संच, पंचतंत्राचा एक संच आणि त्याच गोष्टींचा दुसऱ्या प्रकाशनाचा आणखी एक संच. चित्रं अशी की चार पुस्तकांत एकच सिंह. प्रत्येक गोष्टीच्या शेवटी चौकटीत तात्पर्य. गोष्ट वाचून मुलाने स्वतः काही विचार करू नये, याची घेतलेली ही काळजीच म्हणायची.

हे कुणी वाईट हेतूने केलेलं नाही. १९६७च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली ग्रंथालयांना मान्यता आणि अनुदान मिळू लागलं, अ-ब-क-ड असे वर्ग पडले. या कायद्याने गावोगावची वाचनालयं जगवली, हे विसरून चालणार नाही. पण वर्ग ठरताना ग्रंथांची संख्या मोजली जाते. मग वीस पुस्तिकांचा स्वस्त संच घेतला की वीस दाखल क्रमांक पडतात. एका चांगल्या चित्रपुस्तकाचा पडतो एकच. बैठकीत मी माधुरी पुरंदरे यांच्या पुस्तकांचं नाव काढलं, तेव्हा एकांनी पानं मोजली, किंमत पाहिली आणि म्हणाले, “एवढ्या पैशांत संचच्या संच येईल की हो.” मी गप्प बसलो. यादीवर माझीही सही आहे.

त्या दिवशी जे बोलायला हवं होतं, ते आता लिहितो. ‘उसवण’ही जाडजूड नाही, पण तिची पानं कुणी मोजली नव्हती. थोडक्यात सांगणं मोठ्यांच्या पुस्तकात गुण ठरतं आणि मुलांच्या पुस्तकात तोटा, हे कसं? ‘राधाचं घर’ या पुरंदऱ्यांच्या पुस्तकमालिकेत राधा आपल्या घरातल्या माणसांची ओळख करून देते. शब्द मोजकेच आहेत. उरलेलं चित्र सांगतं, आणि चित्रंही पुरंदऱ्यांचीच असल्यामुळे शब्दांनी काय सोडायचं ते त्यांना नेमकं कळतं. वाचता न येणारं मूल त्या पानावर थांबतं, बोट ठेवतं, आपल्या घराशी ताडून बघतं. ‘बाबांच्या मिशा’मध्ये मुलीला बाबांच्या मिशांचं अप्रूप आहे; तेवढ्यावर पुस्तक उभं राहतं आणि तात्पर्याची चौकट लागत नाही. थोडी मोठी मुलं असतील, तर संगीता बर्वे यांची ‘पियूची वही’ आहे, २०२२च्या बालसाहित्य पुरस्काराची. एका मुलीची सुट्टीतली रोजनिशी. तिला काय वाटलं हे तिनेच सांगायचं, हा त्या घाटाचाच नियम आहे. आमच्या संचांत मुलांना काय वाटावं, ते आधीच छापलेलं असतं.

दुसरी गोष्ट कुलपाची. खालच्या खणातली पुस्तकं महिनाभराने काचेच्या कपाटात जातात आणि किल्ली ग्रंथपालबाईंच्या टेबलाच्या खणात. बाईंवर रागावणं सोपं आहे. पण फाटलेलं, हरवलेलं पुस्तक निर्लेखित करायचं तर ठराव, यादी, मंजुरी सगळं लागतं, आणि तपासणीत उत्तर त्यांनाच द्यावं लागतं. मिळणाऱ्या मानधनात एवढी जोखीम कोण घेईल? म्हणून पुस्तक शाबूत राहतं आणि मूल बाहेर. चित्रपुस्तक दोन वर्षांत फाटलं, तर त्याने आपलं काम केलं, हे कुठल्याच रजिस्टरात लिहिता येत नाही.

पुढच्या बैठकीत मी तीन गोष्टी मांडणार आहे. मुलांच्या रकमेतून एकही संच नको. थोडी पुस्तकं, पण प्रत्येक वाचून घेतलेलं, आणि चांगल्या चित्रपुस्तकाच्या दोन प्रती. काचेचं कपाट उघडं, आणि वर्षाला ठरावीक पुस्तकं फाटणार हे समितीने आधीच ठरावात लिहून द्यायचं, म्हणजे बाईंच्या गळ्याशी येणार नाही. आणि ‘उसवण’ची एक प्रत बाजारपेठेतल्या शिंप्यांच्या दुकानांत मी स्वतः नेऊन देणार. ठराव होईलच असं नाही. संख्या घटेल, वर्ग जाईल, ही भीती खोटी नाही आणि तिचं उत्तर एकट्या आमच्या समितीच्या हातात नाही.

गेल्या शनिवारी एक आजोबा नातीला घेऊन आले होते. ते वर्तमानपत्र वाचत बसले. ती काचेच्या कपाटापुढे उकिडवी बसून बराच वेळ आत बघत होती. बाई जेवायला गेल्या होत्या, किल्ली त्यांच्याकडे. जाताना तिने विचारलं, “हे दुकान कधी उघडतं?” आजोबा म्हणाले, “दुकान नाही गं, हे वाचनालय आहे.” मी तिथेच उभा होतो आणि तिला नक्की वार सांगता आला नाही.