विठ्ठल पालवणकर यांचें नेतृत्व आणि १९२३ चे चौरंगी सामने : एक साधनचिकित्सा

१९२३ सालच्या मुंबईच्या चौरंगी क्रिकेट-सामन्यांत हिंदु संघानें अंतिम सामन्यांत युरोपियन संघाचा पराभव केला. संघाचें नेतृत्व त्याच वर्षीं प्रथम विठ्ठल पालवणकर यांजकडे आलें होतें. चर्मकार समाजांतील खेळाडू हिंदु संघाचा कर्णधार झाला आणि संघ विजयी झाला, एवढ्यावरून एक सोपा निष्कर्ष काढण्यांत येतो : गुणांपुढें जातिभेद हरला व प्रश्न मिटला. हा निष्कर्ष साधनांच्या कसोटीस कितपत उतरतो, हें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

पावसासारख्या गांवीं बसून मुंबईच्या मैदानावरील सामन्यांची चिकित्सा कां करावी, असें कोणी विचारील. पालवणकर हें आडनांव कोकणांतील पालवण गांवावरून आलें. थोरले बंधु बाळू यांचा जन्म मात्र धारवाडचा, आणि भावांची कर्तबगारी फळास आली ती पुणें-मुंबईस. गांव सोडून गेलेल्या अशा घराण्यांचा वृत्तान्त गांवच्या दप्तरांत सांपडत नाहीं. परंतु तो वगळला तर कोकणचा इतिहास निम्मा राहतो.

या विषयाचें मुख्य मराठी साधन म्हणजे खुद्द विठ्ठल यांचें १९४८ सालीं प्रसिद्ध झालेलें ‘माझें क्रीडाजीवन’ हें आत्मचरित्र. रामचंद्र गुहा यांनीं २००२ सालच्या आपल्या इंग्रजी ग्रंथांत त्याचा व तत्कालीन वृत्तपत्रांचा उपयोग करून हा सर्व विषय पुन्हा अभ्यासकांपुढें मांडला. तथापि आत्मचरित्र हें पक्षकाराचें साधन होय. तें १९२३ नंतर पंचवीस वर्षांनीं प्रसिद्ध झालें, आणि बंधुप्रेम हा त्यांतील स्वाभाविक रंग. म्हणून त्यांतील गाऱ्हाणें खरें मानण्यापूर्वीं स्वतंत्र पुरावा शोधिला पाहिजे. तो तीन ठिकाणीं मिळतो.

पहिला पुरावा धांवपुस्तकाचा. बाळू यांनीं पुण्यास युरोपियनांच्या क्लबांत दरमहा चार रुपयांवर मैदान राखण्याचें काम केलें, तेथेंच साहेबांस गोलंदाजी करतां करतां ते तयार झाले, व १८९६ च्या सुमारास मुंबईस आले. १९०६ सालीं हिंदु संघानें युरोपियनांस १०९ धांवांनीं हरविलें, त्या संघांत बाळू व शिवराम हे दोघेही बंधु होते. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत बाळू यांनीं सर्व सामने मिळून ११४ गडी बाद केले. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत त्यांचे बळी १७९, सरासरी सुमारें पंधरा धांवा. हे आंकडे कोणाच्या प्रेमावर वा द्वेषावर अवलंबून नाहींत. तरीही चौरंगी सामन्यांत हिंदु संघाचें कर्णधारपद त्यांस मिळालें नाहीं.

दुसरा पुरावा अधिक मोलाचा, कारण तो दुसऱ्या बाजूचा आहे. १९१३ सालीं कर्णधारपद एम. डी. पै यांस मिळालें. त्याबद्दल झालेल्या सत्कारांत पै यांनींच, हा मान ज्येष्ठतेमुळें बाळू यांस मिळावयास हवा होता, असें जाहीरपणें सांगितलें. ज्याचा लाभ झाला त्यानेंच लाभाविरुद्ध दिलेली साक्ष न्यायसभेंत मोठी मानितात. इतिहासांतही ती तशीच मानली पाहिजे. पालवणकर बंधूंचा एक शब्दही न वाचतां त्यांचें गाऱ्हाणें येथें सिद्ध होतें.

तिसरा पुरावा १९२० चा. त्या वर्षीं बाळू यांस संघांतून वगळण्यांत आलें. तेव्हां नेतृत्वाच्या प्रश्नावर शिवराम व विठ्ठल यांनीं संघाबाहेर राहून निषेध नोंदविला. पुढें पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्यासाठीं बंधु परत आले व बाळू यांस उपकर्णधार नेमिलें. म्हणजे जें गुणांनीं वीस वर्षांत मिळविलें नाहीं, त्याचा अर्धा भाग नकारानें एका हंगामांत मिळविला. १९२३ ची नेमणूक या पायरीवरून पुढें गेलेली आहे. ती एकाएकीं झालेल्या हृदयपालटाचें फळ म्हणतां येत नाहीं.

येथें एक भेद ध्यानांत घ्यावयास पाहिजे. गोलंदाज सेवा करितो, कर्णधार आज्ञा देतो. कोणीं कोठें उभें राहावें, चेंडू कोणाच्या हातीं द्यावा, फलंदाजीस कोणीं आधीं जावें, हें सर्व त्याच्या शब्दावर चालतें. पुण्याच्या हिंदु क्लबास बाळूंचा चेंडू चालत होता. चहा मात्र त्यांस मंडपाबाहेर मातीच्या भांड्यांत मिळे. सेवा घेण्यास सोंवळें आड आलें नाहीं. आज्ञा पाळण्याची वेळ येतांच तें आड आलें. विठ्ठल यांच्या नेमणुकीचें खरें महत्त्व आज्ञेच्या या हक्कांत आहे, अंतिम सामन्याच्या निकालांत नाहीं.

म्हणूनच विजयावरून न्याय सिद्ध करणारा युक्तिवाद आम्हांस सदोष वाटतो. समजा, १९२३ चा सामना हिंदु संघ हरला असता, तर विठ्ठल यांची नेमणूक अन्यायाची ठरली असती काय? १९२४ सालीं मुसलमान संघ विजयी झाला. त्यानें आदल्या वर्षींचा हक्क खोटा ठरत नाहीं. हक्क १९१३ सालींही होता. त्या वेळीं तो मानला गेला नाहीं, एवढाच फरक.

बाळू यांची स्मृति पुढें कां मंदावली, याचें एक कारण आम्ही तर्कानें सुचवितों. १९३७ च्या निवडणुकींत ते काँग्रेसतर्फे डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले; डॉ. आंबेडकरांस १३,२४५ व बाळूंस ११,२२५ मतें पडलीं. त्यामुळें एका पक्षास ते परके झाले, आणि दुसऱ्या पक्षास १९२० ची आठवण अडचणीची होती. दोन्हीकडून मौन पडलें.

‘माझें क्रीडाजीवन’ हें पुस्तक तत्कालीन वृत्तपत्रांशीं ताडून, तारखा व धांवसंख्या तपासून, टीपांसह संपादिलें जावें. पक्षकाराची साक्ष म्हणून तें बाजूस ठेवूं नये, आणि विजयगाथा म्हणून डोळे मिटून वाचूंही नये. साधनाचा मान राखण्याची रीत हीच होय.