‘किर्लोस्कर खबर’ : कारखान्यातील माणसे आणि माहिती

मराठी नियतकालिकांच्या इतिहासात ‘किर्लोस्कर’ मासिकाचा विचार प्रामुख्याने वाङ्मयीन व सुधारणावादी अंगाने झाला आहे. व्यवस्थापनाच्या अभ्यासात किर्लोस्करवाडी येते ती उद्योजकतेचा आदर्श म्हणून. एकाच कारखान्यातून निघालेल्या या दोन गोष्टी निरनिराळ्या विद्याशाखांत वाटल्या गेल्याने एक प्रश्न मागे पडला : यंत्रे घडविणारी संस्था माहिती कोणाला सांगते आणि कोणाकडून ऐकते?

लक्ष्मणराव किर्लोस्करांना हा धडा नांगराने दिला होता. लोखंडी नांगरामुळे जमिनीत विष पसरते, या समजुतीपायी पहिले नांगर खपण्यास सुमारे दोन वर्षे लागली. केवळ वस्तू घडवून भागत नाही, हे तेव्हाच स्पष्ट झाले. 1910 मध्ये औंध संस्थानातील कुंडलजवळच्या निवडुंगाच्या माळावर वसाहत उभी राहिली. तेथे शिक्षा भोगून आलेल्या माणसांवरही पहाऱ्याचे काम विश्वासाने सोपविले गेले. पुढे 1920 मध्ये लक्ष्मणरावांचे पुतणे शं. वा. किर्लोस्कर यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. ओतकामाइतकेच छापील शब्दालाही कारखान्यात स्थान आहे, ही जाण त्या काळी दुर्मीळच म्हणावी लागेल.

परंतु वाचकवर्ग विस्तारत गेला, तसे कारखान्याचे हे पत्र सुशिक्षित मराठी कुटुंबाचे मासिक बनले. ‘स्त्री’ (1930) व ‘मनोहर’ (1934) ही भावंडे त्याच वाटेवरची. दरम्यान शीर्षकातून ‘खबर’ हा शब्दही गेला. त्याचे कारण भाषाशुद्धीचे असले, तरी हा योगायोग सूचक आहे. मराठी साहित्याचा त्यात लाभच झाला. कारखान्याच्या अंतर्गत संवादाविषयी तसे म्हणता येत नाही. पितृभावाने वसविलेल्या वसाहतीत निवारा मिळतो, विश्वासही मिळतो. ‘येथे चुकते आहे’ असे खालून वर कळविण्याची वाट मात्र त्यातून आपोआप तयार होत नाही. किर्लोस्करवाडीवरील गौरवपर लेखन या भेदाकडे सहसा वळत नाही.

जयसिंगपूर, इचलकरंजी व कोल्हापूर परिसरातील लहान फाउंड्रींच्या संदर्भात हा भेद व्यवहाराचा ठरतो. वाळूतील ओलावा, साच्याची घट्टाई, रस ओतण्याची नेमकी वेळ यांचे ज्ञान अनेकदा एखाद्या जुन्या मोल्डरच्या हातात असते. संगणकावर रिजेक्शनचा आकडा नोंदला जातो. कारण मोल्डरला ठाऊक असते, पण ते लिहिण्यासाठी नोंदीत रकानाच नसतो. तो शेजारच्या फाउंड्रीत कामाला गेला, की नव्या माणसाला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.