‘निसर्ग’मधला चित्रकार

मुरारच्या आम्हा मराठी मंडळींना कलावंताचं घर म्हटलं की ग्वाल्हेरचं सरोद घर आठवतं. उस्ताद हाफिज अली खाँ यांच्या त्या वास्तूत वाद्यं आहेत, वाजवणारे हात नाहीत. चित्रकाराचं बरं असतं, भिंतीवरचं चित्र स्वतःच बोलतं. पण ऐकतं कोण?

कोल्हापूरच्या राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे यांचा ‘निसर्ग’ बंगला आता संग्रहालय आहे. ‘सांगत्ये ऐका’मधला (1959) हा चेहरा सगळ्यांच्या ओळखीचा, म्हणून तिथे आपण नट शोधत फिरतो. खरा माणूस मात्र निसर्गचित्रांत आहे. कोरडी रंगपूड कागदावर चोळून केलेली ही कामं. ब्रशचा ठसका नाही, कडा धुक्यासारख्या विरतात. कधी जरा जास्तच गोड होतात, हेही म्हणायला हवं. पण पडद्यावरच्या मर्दानी नायकाचा हात एवढा हळुवार होता, हे दुसरीकडे कुठे कळणार?

मांडरे 2001 साली गेले. घर आणि चित्रं त्यांनी हयातीतच सरकारला दिली होती. अपरिग्रहावर आमच्याकडे प्रवचनं खूप होतात. राहतं घर देणं वेगळंच! मग घेणाऱ्यांचंही काही देणं लागतं : नटाला बाहेर ठेवून चित्रांपुढे घटकाभर थांबायचं.