नोंद आहे, मजकूर नाही

‘डेलिओ’ हे मनःस्थिती आणि सवयी नोंदवण्याचे ॲप स्वतःची ओळखच अशी करून देते की, एक ओळही न लिहिता खासगी रोजनिशी ठेवा. ते आपल्यापुढे पाच चेहरे मांडते: झकास, छान, ठीकठाक, वाईट, भयंकर. एकावर बोट टेकवायचे. मग कुटुंब, मित्र, झोप, व्यायाम, वाचन अशा चित्रखुणांतून त्या दिवशी जे घडले ते निवडायचे. वाटल्यास टिपण लिहिण्याची सोय आहे, सक्ती नाही. हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आधी निकाल, मग पुरावा. वर्षाअखेरीस रंगीत चौकोनांचा तक्ता हाती येतो, सलग किती दिवस नोंद केली ते कळते आणि कोणत्या चित्रखुणेबरोबर कोणता चेहरा अधिक वेळा आला, तेही. याला रोजनिशी म्हणावे का, एवढाच माझा प्रश्न आहे.

शब्दापासूनच सुरुवात करू. ‘रोजनिशी’तली ‘निशी’ रात्रीची नव्हे. ती फारसी ‘नविस’ची, म्हणजे लिहिणाऱ्याची. फडणवीस, चिटणीस, पारसनीस या आडनावांत तोच लिहिणारा बसला आहे. न लिहिता ठेवलेली रोजनिशी ही म्हणून मराठीत तरी पिठाशिवायची भाकरी आहे.

यावर कोणी म्हणेल की आपली जुनी रोजनिशी तरी कुठे मनाची होती? खरे आहे. गणेश चिमणाजी वाड यांनी पेशव्यांच्या रोजनिशीतून निवडलेले उतारे खंडाखंडांनी प्रसिद्ध झाले. इंग्रजी नावात ‘डायरीज’ हा शब्द असल्याने त्यांत पेशव्यांचे अंतरंग शोधू पाहणाऱ्याची निराशा होते. सगळा मामला वतनांचा, नेमणुकांचा, तंट्यांचा आणि सुटींचा. पण कोणाला, किती, कशाबद्दल हे तिथे लिहिलेले असते. पीक बुडाले म्हणून गावाचा सारा सोडला, एवढ्या नोंदीवरून ते वर्ष डोळ्यांपुढे उभे राहते. माझी आई भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दुधाचा हिशेब लिहीत असे. वडील गेले त्या महिन्यात एक लिटरचे तीन लिटर झाले, ते तेरा दिवस तसेच राहिले, आणि चौदाव्या दिवशी तिने ‘पाऊण’ असे लिहिले. चौकोन तिथेही होते. तेव्हा माझा आक्षेप चौकोनांवर किंवा त्रोटकपणावर नाही.

सवयींच्या तक्त्याचा मूळपुरुष म्हणून बेंजामिन फ्रँकलिनचे नाव या ॲपांच्या चाहत्यांकडून नेहमी घेतले जाते. त्याने तेरा सद्गुणांची यादी केली, आठवड्याच्या सात रकान्यांचा तक्ता आखला आणि चूक होईल तिथे काळा ठिपका द्यायला सुरुवात केली. जुने ठिपके खरवडून कागदाला भोके पडू लागली, तेव्हा त्याने तक्ता हस्तिदंती पानांवर घेतला. रेघा लाल शाईच्या, कायमच्या. ठिपके शिसपेन्सिलीचे, ओल्या स्पंजाने पुसून टाकायचे. म्हणजे ठिपके जपण्यासाठी नव्हतेच. आपल्याजवळ राहिले आहे ते त्याने १७८४ साली पासी येथे बसून लिहिलेले गद्य, ज्यात टापटिपीचा गुण आपल्याला कधीच साधला नाही, अशी हसतखेळत दिलेली कबुली आहे. चाहते तक्ता उचलतात, कबुली सोडतात.

आता पाच चेहऱ्यांविषयी. डेलिओत आपल्या मनाप्रमाणे नवी मनःस्थिती घालता येते, पण तिला या पाचांपैकी एका गटात बसवावे लागते. हुरहूर कुठे बसवायची? लेक सासरी पोचल्याचा फोन आल्यानंतरची हुरहूर वाईट आहे का? रुखरुख, चुटपुट, हळहळ, घालमेल हे शब्द सुखदुःखाच्या पट्टीवर खालीवर लागत नाहीत. प्रत्येकाच्या पोटात एकेक प्रसंग आहे. रुखरुख कशाची तरी असते. हिरव्यापासून लालपर्यंतच्या रंगांत ते ‘कशाची’ गळून पडते, आणि माझ्या मते तीच या पद्धतीची मुख्य चूक आहे.

तक्ता सर्वस्वी निरुपयोगी आहे असे मात्र म्हणवत नाही. द्विध्रुवीय विकाराच्या रुग्णाला मनोविकारतज्ज्ञ रोजची मनःस्थिती, झोपेचे तास आणि औषधे नोंदवायला सांगतात. तिथे गद्यापेक्षा तक्ताच बरा, कारण तो वाचणारा जाणकार समोर बसलेला असतो. एरवी लिहिण्याच्या बाजूने पुरावा जुना आहे. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ साली ४६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा प्रयोग प्रसिद्ध केला. रोज पंधरा मिनिटे, लागोपाठ चार दिवस लिहायचे. आघाताची हकिगत आणि त्याविषयीच्या भावना असे दोन्ही ज्यांनी लिहिले, त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या पुढच्या महिन्यांत घटल्या. नंतरच्या अभ्यासांत हा गुण माफकच ठरला, पण हकिगत आणि भावना यांची सांगड हा त्यातला मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो.

याच जातीचे एक ॲप मी चौदा महिने इमानाने वापरले. त्याने हिशेब करून सांगितले की, प्रवास केला की माझे मन बिघडते. गणित बिनचूक होते. त्या वर्षी माझा भाऊ जिल्ह्याच्या रुग्णालयात होता आणि मी दर गुरुवारी एसटीने त्याच्याकडे जात होतो. पण एका गुरुवारचा चौकोन हिरवागार आहे. खुणा दोनच: कुटुंब, प्रवास. तो तसा का, हे मला आठवेना. पुढे एका शर्टाच्या खिशात त्या तारखेचे तिकीट सापडले. मागे माझ्याच अक्षरात दोन औषधांची नावे होती, आणि त्यांच्या खाली, ‘दादाला आज भजी हवीत.’