डुरक्या कुणाकडे बघतो?

बुधवार पेठेत सिनेमाबद्दल बोलायचं तर आधी प्रभातचं नाव घ्यावं लागतं. अप्पा बळवंत चौकातलं ते थिएटर, आताचं किबे लक्ष्मी. म्हणून सुरुवात प्रभातच्याच चित्रपटानं करतो. १९३२ चा ‘माया मच्छिंद्र’. कंपनी तेव्हा कोल्हापुरात होती, पुण्याला यायची होती. स्त्रीराज्याच्या राणीच्या भूमिकेत दुर्गा खोटे, आणि राणीजवळ चित्ता. खराखुरा. राणीचा दरारा सांगताना सगळे त्या चित्त्याचा उल्लेख करतात. पण तो तिथे शांत बसला, तो कुणाच्या सांगण्यावरून? कोल्हापूर संस्थानात तेव्हा शिकारीसाठी चित्ते पाळत, आणि ते माणसाळवणारे चित्तेवान असत. केवढं कसब! आपल्या चित्रपट समीक्षेत त्या कसबाबद्दल एक ओळ शोधायची म्हटली तरी दमछाक होते.

माझं म्हणणं असं की पडद्यावरचं जनावर बहुतेक वेळा चौकटीबाहेरच्या एका माणसाकडे बघत असतं. किंवा त्याच्या हातातल्या खाऊकडे. आपण त्या नजरेत निष्ठा, दुःख, राग वाचतो. वाचावं, जरूर वाचावं. पण ती नजर घडवणारा माणूस हिशेबातच धरला नाही, तर आपलं वाचन अर्धंच राहतं.

उमेश कुलकर्णींचा ‘वळू’ घ्या, २००८ चा. कुसवडे गाव, देवाला सोडलेला वळू डुरक्या, त्याला धरायला आलेले फॉरेस्टवाले गड्डमवार. वळू कशाचं प्रतीक आहे यावर आपण तासन् तास बोलतो. पण बघा, गल्लीतून मोकाट सुटलेला बैल दाखवायचा तर सगळ्यात भरवशाचा बैल लागतो. माणसं ओरडत पळणार, तरी त्यानं बिथरायचं नाही, आणि कॅमेऱ्याच्या अलीकडे थांबायचं. (हशा) गड्डमवारांचा भाऊ त्यात डॉक्युमेंटरी करतोय, गावातल्या प्रत्येकाला वळूबद्दल विचारतोय. बैलामागे उभा असलेला माणूस तेवढा त्याच्याही कॅमेऱ्यात येत नाही.

‘फँड्री’त गोष्ट आणखी टोकदार होते. डुक्कर हाताशी आलंय, एवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या थांबतो, कचरू थांबतो, घरदार ताठ उभं. डुक्कर थांबत नाही. सगळा प्रसंग त्या न थांबण्यावर उभा आहे, आणि सिनेमात ‘न ऐकणं’सुद्धा जुळवून आणावं लागतं. आता जरा अवघड बोलतो. डुक्कर कुठून निसटेल, कुठे वळेल, कशाला भुलेल, हे ज्ञान कचरूच्या घरात आहे, आणि त्याच ज्ञानापायी गाव त्यांना हिणवतं. सेटवर तेच ज्ञान लागतं. तिथे आपण ते ‘मॅनेज केलं’ म्हणून मोकळे होतो. नागराज मंजुळेंचं कौतुक करताना हा धागा आपल्या हातून सुटला, असं मला वाटतं.

तंत्राचंही थोडं सांगतो. डबिंगच्या काळात जनावरवाला खुशाल हाका मारायचा, आवाज नंतर बदलायचाच असे. ‘लगान’सारखं थेट ध्वनिमुद्रण आलं की तोंड बंद; हाताच्या खुणा, खाऊ, पायाखालची ठरलेली जागा, एवढ्यावर भागवायचं. कामच बदललं की नाही?

कायदाही आला. २००१ च्या नियमांनी शूटिंगसाठी प्राणी कल्याण मंडळाची परवानगी लागते. वाघ, सिंह, बिबट्या, अस्वल, माकड यांना खेळासाठी शिकवायला बंदी आहेच. २०११ मध्ये त्या यादीत बैल आला. म्हणजे आज ‘वळू’ काढायचा तर पहिला प्रश्न तिथेच. उपासमार आणि चाबकावर चालणारं शिकवणं यानं थांबलं असेल तर मी नियमांच्या बाजूनं आहे, त्यात आडपडदा नाही. गंमत म्हणजे जनावर कुणाचं, त्याला कसं वागवलं, हे सरकारी कागद विचारतो. आम्ही परीक्षणं लिहिणारे विचारत नाही.

आता संगणकावरचा वाघ आलाय. त्याला ना भूक, ना मालक. निर्माता खूश. पण ‘फँड्री’चं ते डुक्कर संगणकावर काढलं असतं तर कचरूच्या घामाशी त्याचं काय नातं राहिलं असतं, सांगा.

असो. तोच प्रसंग आता दाखवतो. जब्याकडे नका बघू, डुक्कर कुठे जातंय तिकडे लक्ष ठेवा. मग प्रश्न घेऊ. दिवे घालवा जरा.