चिंध्यांची भूमिती आणि आपली नजर

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, अलाबामा नदीच्या एका मोठ्या वळणात जीज बेंड नावाची कृष्णवर्णीयांची वस्ती आहे. इथल्या कितीतरी जणांचं आडनाव पेटवे. त्यांच्या पूर्वजांना गुलाम म्हणून राबवणाऱ्या मळेवाल्याचं. २००२ साली इथल्या बायकांनी शिवलेल्या गोधड्या आधी ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर लागल्या. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे समीक्षक मायकेल किमलमन यांनी त्यांची गणना अमेरिकेच्या आधुनिक कलेतल्या अद्भुत कामांत केली आणि तुलनेसाठी मातिस आणि क्ले यांची नावं घेतली. २००६ साली या गोधड्या टपाल तिकिटांवरही आल्या.

हा गौरव योग्यच होता. पण मातिस आणि क्ले यांच्याशी केलेली तुलना आपल्याला गोधडीकडे बघायला शिकवते की तिच्यावरून नजर उचलून दुसरीकडे न्यायला, हा प्रश्न उरतोच. तो सोडवायचा तर गोधडी शिवतात कशी, तिथून सुरुवात करायला हवी.

जीज बेंडमध्ये सर्वांत जास्त शिवला जाणारा नमुना म्हणजे ‘हाउसटॉप’. मधोमध कापडाचा एक चौकोन घ्यायचा. त्याच्या एका बाजूला पट्टी जोडायची. दुसरी पट्टी चौकोनाची पुढची बाजू आणि पहिल्या पट्टीचं टोक, दोन्हींना मिळून लावायची. तिसरी, चौथी तशीच. एक फेरा पूर्ण झाला की चौकोनाभोवती चौकट तयार होते. मग तिच्याभोवती दुसरी. अमेरिकेत सर्वत्र शिवला जाणारा ‘लॉग केबिन’ याच कुळातला.

या रचनेची एक गंमत आहे. प्रत्येक नवी पट्टी आधीच्या पट्टीचं टोक झाकते. त्यामुळे जोड नीट पाहिले तर शिवण्याचा क्रम उलटा वाचता येतो. जी पट्टी दोन्ही टोकांना कडेपर्यंत सलग पोचते ती त्या फेऱ्यातली शेवटची. जिची दोन्ही टोकं शेजारणींनी अडवली आहेत ती पहिली. चित्रकार खालचा थर वरच्या रंगानं पूर्ण झाकू शकतो. इथे मात्र प्रत्येक निर्णय उघडा राहतो.

चुकाही उघड्या राहतात. एखादी पट्टी एका टोकाला बोटभर रुंद निघाली की सगळी चौकट तिरकी होते. मग शिवणारीपुढे दोन वाटा: पुढची पट्टी त्याच कलानं जाऊ द्यायची, किंवा अरुंद बाजूला जास्त कापड देऊन तोल सावरायचा. जीज बेंडच्या गोधड्यांमधली ती प्रसिद्ध डुलती रेषा अशी घडते. तिला ‘भाबडेपणा’ म्हणणं चूक आणि ‘क्रांतिकारी अमूर्तता’ म्हणणंही घाईचं. प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्याला दिलेलं उत्तर आहे. जोसेफ आल्बर्सनं १९५० पासून एकात एक चौकोनांची जी चित्रमालिका केली, तिच्याशी या गोधड्यांचं वरवरचं साम्य इथेच संपतं. त्याच्या चौकोनांची मापं आधी ठरलेली असत. इथे पट्टीची रुंदी बऱ्याचदा विजारीच्या पायात किती धड कापड उरलंय त्यावर ठरते.

कापडाचाही रचनेत वाटा असतो. शेतावर वापरलेल्या जीनच्या विजारी उन्हानं आणि धुण्यानं फिकट होतात, पण खिसा उसवला की त्याखालचा निळा रंग गडद राहिलेला दिसतो. गोधडीत असा गडद तुकडा आला की तो रंगसंगतीचा भाग होतो आणि कुणाच्या तरी अंगमेहनतीची खूणही. १९६६ साली नागरी हक्क चळवळीतून ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था उभी राहिली. १९७२ मध्ये तिला सीअर्स कंपनीकडून कॉर्डरॉयच्या उशांचे अभ्रे शिवण्याचं काम मिळालं. उरलेले तुकडे घरोघर गेले. कॉर्डरॉय जाड, त्याच्या बारीक नक्षीच्या जोडण्या जमत नाहीत. म्हणून मोठे, ठसठशीत आकार आले. कुणी याला शैलीतला बदल म्हणेल. तो आहेच, पण त्याच्या मुळाशी कारखानदारीतलं उरलेलं कापड आहे.

मिसूरी पेटवे यांची १९४२ ची गोधडी त्यांच्या मृत पतीच्या कामाच्या कपड्यांची आहे. त्याची आठवण राहावी आणि त्याच्या मायेखाली झोपता यावं म्हणून आईनं ती शिवली, असं त्यांच्या मुलीनं सांगितलं आहे. ही गोष्ट वाचून मराठी वाचकाचे डोळे पाणावतील, कारण गोधडी म्हटली की आपल्याकडे आजी, माया आणि ऊब हे तीन शब्द ठरलेले असतात. पण त्याच वस्तीतल्या लॉरेटा पेटवे यांनी आपल्याला शिवण आवडत नव्हती, असं स्पष्ट सांगितलं आहे. थंडी होती, पांघरूण हवं होतं, म्हणून त्या शिवत. आणि त्यांच्या गोधड्या या संग्रहातल्या सर्वांत भक्कम रचनांपैकी आहेत. म्हणजे माया नसतानाही, नाइलाजानंही, थोर आकार घडू शकतो.

अमेरिकी समीक्षेनं आकार पाहिला आणि पांघरूण विसरली. आपण उलट केलं. आपण वाकळीची ऊब इतकी गायली की तिची रचना पाहिलीच नाही. धावदोऱ्याच्या ओळी कुठून कुठे जातात, कोणत्या लुगड्याचा काठ कुठे लागला, चौकोन मधोमध का नाही, हे प्रश्न आपल्या गोधडीवरच्या लेखनात क्वचितच येतात. ‘ठिगळ’ आणि ‘चिंधी’ हे शब्द तर आपण हिणवण्यासाठीच राखून ठेवले आहेत. शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायका ‘कवंदी’ कडेपासून सुरू करून फेऱ्याफेऱ्यानं मध्याकडे नेतात, म्हणजे हाउसटॉपच्या नेमकं उलट. दोन्हीकडे आफ्रिकी वंशाच्या बायका आहेत, म्हणून लगेच एकच मूळ शोधण्याचा मोह होतो. त्याआधी शिवण्याच्या या दोन दिशा नीट समजून घेतल्या तरी पुष्कळ हाती लागेल.

नावाचा मुद्दाही आहे. १९७१ साली याच व्हिटनीत अमेरिकी गोधड्यांचं गाजलेलं प्रदर्शन झालं होतं, पण तिथे बहुतेक गोधड्या निनावी होत्या. २००२ मध्ये प्रत्येक गोधडीशेजारी नाव होतं. नाव आल्यावर हक्काचा प्रश्न आला: २००७ मध्ये काही शिवणाऱ्या बायकांनी संग्राहकांवर मोबदल्यासाठी दावे लावले, पुढच्या वर्षी ते मिटले. शुद्ध आकाराची भाषा बोलणाऱ्यांना हा वाद गैरलागू वाटला असेल. पण ज्या कामात प्रत्येक जोडाचा क्रम वाचता येतो, तिथे तो जोड कुणी घातला आणि तिला काय मिळालं, हेही वाचनातच येतं.

आपल्या गोधड्या आता शहरी प्रदर्शनांत आणि दुकानांत दिसू लागल्या आहेत. त्यांच्याबद्दल लिहिताना ‘मायेची ऊब’ थोडा वेळ बाजूला ठेवून शिवणारीचं नाव, कापडाचा उगम आणि पहिल्या टाक्याची जागा एवढं नोंदवलं, तरी समीक्षेची सुरुवात होईल.