उसात लपलेलं काही नाही

'लपाछपी' पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी इंजिनिअरिंगला होतो. साल २०१७, चिंचवडचं मल्टिप्लेक्स, आम्ही पाच जण. पाचही जण पहिल्या अर्ध्या तासातच ट्विस्ट शोधायला लागलेले. 'इन्सेप्शन'च्या शेवटी तो भोवरा पडतो की नाही यावरून रूमवर रात्र-रात्र भांडणारी पोरं आम्ही. खरं काय आणि भास काय याचा गोंधळ घालणारा सिनेमा म्हणजे आमच्यासाठी सोडवायचं गणित. इंटर्व्हलला एकाने समोसा खाता खाता जाहीर केलं, "हिरोईनच वेडी निघणार बघ." 'शटर आयलंड' नुकताच पाहिल्याचा परिणाम.

त्याचं गणित चुकलं, आणि मी सिनेमा विसरून गेलो.

मागच्या वर्षी तो परत पाहिला, ताईबरोबर. ती बाळंतपणाला आमच्याकडे मोशीला आली होती. बाळ झोपलेलं, टीव्हीचा आवाज बारीक. मध्येच पॉज करून मी विचारलं, "ओळख, हिला भास होतायत की खरंच काही आहे?" ताई म्हणाली, "अरे, यात ओळखायचं काय? ती पहिल्यापासून खरंच सांगतेय की. ऐकत कुणी नाहीये, एवढंच."

विशाल फुरिया दिग्दर्शित या सिनेमाची गोष्ट थोडक्यात अशी. नेहा (पूजा सावंत) गरोदर आहे, दिवस भरत आलेत. नवरा कर्जात बुडालाय, वसुलीवाले मागे लागलेत. म्हणून दोघं शहर सोडून ओळखीच्या ड्रायव्हरच्या गावी, उसाच्या मधोमध असलेल्या एका घरात लपायला जातात. तिथे तिला लपाछपी खेळणारी मुलं दिसतात, एक बाई दिसते. कधीकाळी याच घरात घडून गेलेलं तिच्या डोळ्यांसमोर पुन्हा घडायला लागतं. घरातली तुळसाबाई (उषा नाईक) तिला प्रेमाने खाऊ-पिऊ घालते आणि तितक्याच प्रेमाने तिचं म्हणणं उडवून लावते. नवऱ्याच्या मते हा सगळा थकवा. पुढचं सांगत नाही.

इंग्रजीत याला 'गॅसलाइटिंग' म्हणतात. १९३८च्या एका नाटकातून आणि त्यावर निघालेल्या 'गॅसलाइट' या सिनेमातून आलेला हा शब्द आता इन्स्टावर रोज दिसतो. पण आपल्याकडे त्याच्यासाठी आधीपासून एक शब्द आहे: वेड्यात काढणं. घरात, ऑफिसात, दवाखान्यात, रोजचा वापर. 'लपाछपी'तली भीती मला या शब्दात दिसते. भुतांचे धक्के अधूनमधून बसतात, काही तर फारच स्वस्त आहेत. पण तुळसाबाई "काही नाही गं, पोटुशी बाईला असं होतंच" अशा सुरात बोलायला लागली की अंगावर काटा येतो. उषा नाईकांनी आवाज कुठेही चढवलेला नाही, म्हणून जास्तच.

याचा थोरला भाऊ म्हणजे १९६८चा 'रोझमेरीज बेबी'. त्यात गरोदर रोझमेरी पळून दुसऱ्या डॉक्टरकडे जाते आणि सगळं सांगते. डॉक्टर शांतपणे ऐकून घेतो, तिला झोपायला सांगतो आणि तिच्या नवऱ्याला बोलावून घेतो. सैतान वगैरे राहू द्या, अख्ख्या सिनेमात याहून भयानक सीन नाही.

फुरियाने यात स्वतःची भर घातली ती उसाची. उभ्या उसात जो शिरलाय त्याला सेटची गरज कळणार नाही. ऊस डोक्याच्या वर गेलेला, प्रत्येक सरी दुसरीसारखी, पात हाताला कापते, पायाखाली पाचट वाजतं. वारा आला की चारी बाजूंनी कुणीतरी चालत येतंय असं वाटतं. दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही आणि हाक नेमकी कुठून आली ते कळत नाही. भोसरीपासून चाकणपर्यंतच्या आमच्या पट्ट्यात अशा उसाच्या गावांतून आलेले कितीतरी लोक आहेत. त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. २०२१मध्ये त्याच दिग्दर्शकाने हिंदीत 'छोरी' केला, भाषा बदलली, माणसं बदलली, ऊस मात्र राहिला.

आणि तो नुसता देखावा म्हणून राहिलेला नाही. सिनेमाचा विषय आहे जन्माआधी किंवा जन्मताच मारलेल्या मुली. ऊसतोड कामगारांचा जिल्हा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बीडमध्ये २०११च्या जनगणनेत ० ते ६ वयोगटात हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा १९९४चा. म्हणजे नेहाला जे दिसतं ते जनगणनेतही दिसतं. याला भास कसं म्हणायचं?

तुलनेला 'देवराई' (२००४) घ्या. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकरांच्या या सिनेमातला शेष (अतुल कुलकर्णी) खरोखर स्किझोफ्रेनियाने आजारी आहे, त्याला दिसतं ते इतरांना दिसत नाही. तरी तो वेड्यात काढला जात नाही, कारण बहीण सीना त्याचं ऐकते. ऐकणं म्हणजे मान्य करणं नव्हे, हे तो सिनेमा सुंदर दाखवतो. जागोजागी माहितीपटासारखा शिकवायला लागतो, पण ते मी माफ करतो.

एक कबुली. मी कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. चाकणच्या एका प्लांटमधली ऑपरेटर सांगत होती की रात्रपाळीत स्क्रीनवरचा आकडा मागे जातो. आमच्याकडे तसं होत नव्हतं, म्हणून तिचं तिकीट मी तीनदा बंद केलं. चौथ्या वेळी तिने व्हिडिओ पाठवला, मागे भिंतीवरचं घड्याळ दिसेल असा.

नेहाकडे असा व्हिडिओ नाही, आणि दिग्दर्शकालाही शेवटी तिच्या एकटीच्या शब्दावर भरवसा राहत नाही. उत्तरार्धात सगळे बसून सगळं तोंडाने सांगायला लागतात, कोण, कधी, का. इतका वेळ धीराने बांधलेली भीती भाषणात विरघळते. आम्हा ट्विस्टवाल्या पोरांना उत्तरपत्रिका मिळावी म्हणून हे केलं असावं. ताईला ती नको होती. शेवट पडद्यावर येईपर्यंत ती उठली, "हे माहितीये मला," म्हणाली आणि बाळाला बघायला गेली.